रस्ता पाड्यापर्यंत आणा आणि पुढच्या पाड्याला जोडा: मोलगी परिसराचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नंदुरबार
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, तळोदा
मा. उपवनसंरक्षक, मेवासी वनविभाग, तळोदा
मा. सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत मोलगी

विषय: मोलगी व परिसरातील पाड्यांचे रस्ते एकमेकांना जोडणे आणि मोलगीच्या वाढत्या वस्तीतील गल्ल्या आताच आखून कायम करणे याबाबत.

महोदय,

मोलगी परिसरातील शेतकरी, आमचूर-चारोळीचे व्यापारी, जीपचालक, आशाताई आणि शिक्षक यांच्या संघटनेने हे मागणीपत्र तयार केले आहे. ‘आम्हाला रस्ता द्या’ ही सातपुड्याची जुनी मागणी. ती अजून पुरी झालेली नाही आणि आम्ही ती सोडलेलीही नाही. पण जे रस्ते झाले आणि जे मंजूर होत आहेत त्यांच्याकडे पाहिल्यावर आम्हाला आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडे रस्ता पाड्यापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. शेजारच्या पाड्याला तो जोडला जात नाही. दुसरीकडे मोलगी गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लांबत चालले आहे, आणि दुकानांच्या मागे जी घरे उभी राहत आहेत त्यांना धड गल्ली उरत नाही. घर पाडून पुन्हा बांधता येते. रस्ता मात्र एकदा जसा पडला तसा पिढ्यान्‌पिढ्या राहतो. म्हणून ही मागणी आज करत आहोत.

मोलगी हे अक्कलकुवा तालुक्याच्या डोंगराळ भागाचे बाजारगाव आहे. नर्मदेच्या काठापासून देवगोई घाटाच्या माथ्यापर्यंतची माणसे मीठ-मिरचीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्या कामांना इथे येतात. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून वाळवायच्या आणि आमचूर मोलगीच्या व्यापाऱ्याकडे आणायचे, यावर कित्येक घरांचा खरिपाच्या बियाण्याचा खर्च निघतो. मोहफुले, चारोळी, भगर याच वाटेने येतात. आज इतका सगळा व्यवहार अक्कलकुवा–धडगाव या एकाच रस्त्यावर आहे.

आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळी चौकात उभे राहावे. धडगावकडून आलेली जीप टपावरची माणसे उतरवायला भर रस्त्यात थांबते, कारण बाजूला घ्यायला जागाच नसते. तिच्यामागे पोती लादलेला टेम्पो, त्याच्यामागे एसटी. साइडपट्टीवर मिरची, सुकी मासळी, तयार कपडे यांची पाले लागलेली असतात आणि पालांच्या दोऱ्या थेट विजेच्या खांबाला बांधलेल्या असतात. ग्रामीण रुग्णालयाकडे निघालेली 108 रुग्णवाहिका सायरन वाजवत तिथेच अडकते. चालकाने मागची गल्ली घ्यावी म्हटले तर ती थोड्याच अंतरावर कुणाच्या तरी पडवीत जाऊन संपते. पालवाल्यांचा यात दोष नाही. बाजार त्यांच्यामुळेच भरतो. गल्ल्या एकमेकींना मिळत नाहीत, म्हणून सगळा भार एका रस्त्यावर येतो, एवढेच त्याचे कारण आहे.

आता पाड्यांविषयी. आमची वस्ती विखुरलेली आहे, ‘एवढ्या लांब लांब राहता, रस्ता कुठे कुठे द्यायचा?’ असे आम्हाला अनेकदा ऐकवले जाते. भिल्ल आणि पावरा कुटुंबे आपापल्या शेतावर, पाण्याच्या जवळ, भावकीच्या आधाराने राहतात. डोंगरउतारावरची शेती अशीच राखता येते. या विखुरलेपणाला अस्ताव्यस्त वाढ म्हणू नये. उलट या पाड्यांमध्ये पायवाटांचे फार दाट जाळे होते आणि बऱ्याच ठिकाणी ते अजून आहे. एका पाड्यावरून निघालेल्या चार-पाच वाटा चार-पाच पाड्यांना जातात. एक ओढा भरला तर माणूस दुसऱ्या वाटेने जातो. लग्नाची वरात, होळीचा ढोल, देवाचा नवस, सगळे याच वाटांनी फिरते.

रस्ते आले ते या जाळ्यावरून आले नाहीत. ते झाडासारखे आले: एक खोड, त्याला फांद्या, आणि प्रत्येक फांदीचे टोक मोकळे. डोंगरधारेच्या अल्याडच्या आणि पल्याडच्या अशा दोन पाड्यांना आज डांबरी रस्ता असतो, पण गाडीने एकातून दुसऱ्यात जायचे तर मुख्य रस्त्यापर्यंत खाली यायचे आणि पुन्हा वर चढायचे. पायी जी धार विडी संपेपर्यंत ओलांडून होते, तिला गाडीचा अर्धा दिवस लागतो. गाडी आल्यावर पायवाट मोडते. तरणी पोरे ती तुडवत नाहीत, पावसात ती वाहून जाते, झुडुपे माजतात. म्हणजे रस्ता मिळाला आणि जोडणी गेली, अशी कित्येक पाड्यांची अवस्था आहे.

पावसाळ्यात हे जिवावर बेतते. देवगोई घाटात दरड आली की अक्कलकुव्याची वाट बंद. एखादी फरशी पाण्याखाली गेली की तिच्या वरचे सगळे पाडे एकदम तुटतात, कारण त्यांना दुसरे तोंडच नाही. बाळंतीण अडली की घोंगडीची किंवा चादरीची झोळी करून ती बांबूला बांधतात आणि पुढे-मागे खांदेकरी लागतात. खांदेकरी बदलत, चिखलात पाय रोवत, रुग्णवाहिका जिथपर्यंत येऊ शकते तिथपर्यंत झोळी नेतात. वर्तमानपत्रांनी याला ‘बांबूलन्स’ असे नाव दिले. आमच्या आशाताई ही झोळी वाहताना बरोबर चालल्या आहेत, वाटेत बाळंतपणे केली आहेत. झोळीच्या वाटेवर रस्ता हवाच, पण तो दुसऱ्या रस्त्याला मिळणारा हवा. एका फरशीवर सगळ्या पाड्यांचा जीव टांगून ठेवणारा रस्ता पावसाळ्याचे चार महिने बिनकामाचा ठरतो.

नर्मदाकाठी हा तुटलेपणा आणखी वाढला आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली, अक्कलकुवा तालुक्यातील 9 आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यातील 24. धरण 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला 2019 साली भरले. घरे आणि जमीन गेली त्याची मोजदाद झाली. काठाकाठाने मणिबेलीपासून वर जाणाऱ्या, गावाला गाव जोडणाऱ्या ज्या वाटा बुडाल्या त्यांची मोजदाद कुठल्या पंचनाम्यात आहे? उरलेले पाडे आज बोटीवर किंवा डोंगरावरून येणाऱ्या एकेका फाट्यावर अवलंबून आहेत.

हे फक्त सातपुड्याचे दुखणे नाही. मॅकगिल विद्यापीठातील क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील अॅडम मिलार्ड-बॉल यांनी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या आधारे जगभरातील गावा-शहरांच्या रस्त्यांची जोडणी तपासली आणि 1975 पासून ती कशी बदलत गेली हे 2020 साली मांडले. त्यांनी जे मोजले ते मोलगीतला कोणीही समजू शकेल: एका नाक्यावर किती रस्ते मिळतात, किती रस्ते बंद टोकाचे आहेत, आणि सरळ अंतराच्या मानाने माणसाला किती वळसा पडतो. या काळात जगाच्या मोठ्या भागात नव्या वस्त्यांतली जोडणी घटत गेली, असे त्यांना आढळले. आग्नेय आशियात कुंपणबंद वसाहतींमुळे ती फार घटली. लॅटिन अमेरिकेतील बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना अशा देशांत चौकोनी आखणीची जुनी सवय टिकून राहिली. अमेरिकेत बंद गल्ल्यांचे प्रमाण 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढत गेले आणि मग नव्या वस्त्यांत जोडणी पुन्हा सुधारू लागली. जिथे स्थानिक संस्थांनी बंद गल्ल्यांना आळा घालणारे नियम केले, तिथे फरक पडला.

या शेवटच्या गोष्टीवर आम्ही मुद्दाम जोर देतो. वस्ती वाढणे कोणी थांबवू शकत नाही, पण ती जोडून वाढेल की तुटक वाढेल हे ठरवता येते. आणि ते वस्ती वाढण्याआधी ठरवावे लागते. लंडन 1666 च्या आगीत जळून गेले. क्रिस्टोफर रेन यांनी नव्या रस्त्यांचा आराखडा काढला, तरी शहर बहुतेक जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभे राहिले, कारण प्रत्येकाची हद्द ठरून गेली होती. एवढी मोठी आग जो रस्ता बदलू शकली नाही, तो ग्रामपंचायतीची अतिक्रमण हटाव मोहीम नंतर कसा बदलणार?

आपल्या खानदेशातले उदाहरण अधिक जवळचे आहे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा होईपर्यंत मोलगी धुळे जिल्ह्यात होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले, त्या 1819 साली तिथे 401 घरे आणि 2,509 माणसे होती. त्यांनी वस्ती वाढण्याआधी नव्या पेठेचे रस्ते सरळ आखले. आज धुळ्यात माणूस पत्ता सांगतो तो ‘गल्ली नंबर 4’, ‘गल्ली नंबर 6’ असा, आणि एका गल्लीतून आडव्या रस्त्याने दुसऱ्या गल्लीत जाता येते. 401 घरांच्या गावासाठी ज्याने पुढचा विचार केला, त्याची आखणी दोनशे वर्षांनी लाखो माणसे वापरत आहेत. मोलगी आज त्या धुळ्यापेक्षा लहान नाही.

शेजारचे धडगावही पाहावे. तिथल्या नगरपंचायतीचे नावच धडगाव–वडफळ्या–रोषमाळ बुद्रुक असे आहे. तीन गावे वाढत वाढत एकमेकांना टेकली आणि मग एक शहर म्हणून कारभार सुरू झाला. मोलगीच्या आसपासचे पाडेही मोलगीला टेकू लागले आहेत. मोलगी तालुका व्हावा ही जुनी मागणी मान्य झाली तर कचेऱ्या येतील, कर्मचाऱ्यांची घरे येतील, आणि आज मोकळ्या असलेल्या जागा दोन-तीन वर्षांत भरून जातील. त्याच्या आधी गल्ल्या कागदावर आल्या पाहिजेत.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक. यापुढे परिसरात मंजूर होणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकासोबत, त्याचे दुसरे टोक कुठल्या रस्त्याला मिळते किंवा पुढे मिळू शकते, हे नकाशावर दाखवावे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली आली. तिने दुर्गम भागासाठी फार मोठे काम केले हे आम्ही मानतो. आदिवासी भागात तिने लोकसंख्येची अट 500 वरून 250 वर आणली म्हणूनच आमच्यातील काही वस्त्या तिच्यात बसल्या. पण तिचा मूळ हिशेब प्रत्येक वस्तीला एक बारमाही रस्ता असा आहे. एक रस्ता दिला की वस्ती ‘जोडली गेली’ अशी नोंद होते आणि फाइल बंद. आमची विनंती आहे की जिल्ह्याने आपल्यापुरती ही नोंद बदलावी. ज्या वस्तीला दोन तोंडे नाहीत तिला ‘अर्धी जोडलेली’ धरावे आणि तिच्या दुसऱ्या तोंडाची यादी करावी. निधीसाठी आदिवासी विकास विभागाची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना, मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणि रोजगार हमी या तिन्हींचा मेळ घालता येईल. दोन डांबरी टोकांमध्ये जिथे थोडीच पायवाट उरली आहे अशी ठिकाणे आधी घ्यावीत, कारण तिथे कमी खर्चात सर्वांत जास्त पाडे जोडले जातात. डांबर लगेच नसले तरी चालेल. खडी-मुरूम टाकून, ओढ्यावर मोरी बांधून रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता करा.

वनजमिनीची अडचण पुढे केली जाईल, म्हणून इथेच सांगतो. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) प्रमाणे रस्त्यासह 13 सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे न तोडण्याची आहे. पायवाटेच्या रेषेवरून जाणाऱ्या जोडरस्त्यांपैकी बरेच या मर्यादेत बसतील. ग्रामसभांचे ठराव करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. वनविभागाने आपल्याकडचा अर्ज किती दिवसांत निकाली निघेल हे लेखी सांगावे.

दोन. मोलगीच्या गावठाणातील आणि वाढीव वस्तीतील गल्ल्या आताच आखून कायम कराव्यात. मुख्य रस्त्याला समांतर, दुकानांच्या मागून जाणारी किमान एक गल्ली दोन्ही अंगांना हवी, आणि तिला मुख्य रस्त्याशी जोडणारे आडवे बोळ ठरावीक अंतराने हवेत. सातपुड्याच्या उतारावर धुळ्यासारखी सरळ गल्ली बसणार नाही हे आम्हाला कळते. उतारावर गल्ली समपातळीने वळत जाईल, आडवे बोळ पायऱ्यांचे असतील, तरीही चालेल. माणूस, ढकलगाडी आणि गरज पडली तर झोळी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघाली म्हणजे झाले.

स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि मिळकत पत्रिका मिळतात. पत्रिकेवर एकदा हद्द चढली की त्या हद्दीत बुडालेला बोळ परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागेल. म्हणून आधी गल्ल्यांची जाहीर फेरी, त्यात बायका आणि म्हातारी माणसे हजर, मग हरकती, आणि त्यानंतरच पत्रिका, हा क्रम पाळावा. गावठाणाची हद्द वाढवताना नवे प्लॉट आखायच्या आधी रस्ते आखावेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे बांधकामाला परवानगी देताना, समोरचा किंवा बाजूचा रस्ता पुढे बंद होत नाही ना, हे ग्रामपंचायतीने तपासावे. कलम 53 प्रमाणे सार्वजनिक वाटेवरील अडथळे काढण्याचा अधिकार तिला आहेच. तो वापरताना हातावर पोट असलेल्या पालवाल्यापासून सुरुवात करू नये. बाजाराला आधी जागा नेमून द्यावी, जीप आणि एसटीला थांबा द्यावा, मग साइडपट्टी मोकळी करावी.

तीन. पायवाटा आणि गाडीवाटांची नोंद करा. गावनकाशावर पायमार्ग तुटक एका रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, हे तलाठी जाणतात. जिथे असा नकाशा आहे तिथे त्या रेषा जमिनीवर शोधून खुणा कराव्यात. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांनी ती खुली करावी. जिथे वनगाव असल्याने किंवा अन्य कारणाने नकाशातच वाटा नाहीत, तिथे ग्रामसभा आणि वनहक्क समितीने शिवारफेरी करून काढलेला नजरी नकाशा नोंदीस घ्यावा.

चार. जमीन. हे बोलताना आमच्यातही मतभेद झाले आणि तासन्‌तास चर्चा झाली. रस्ता जोडला की जमिनीचा भाव वाढतो आणि भाव वाढला की नजरा वळतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम 36 आणि 36-अ आहेत. तरी भाडेपट्टा, तोंडी करार, नावावर एक आणि ताब्यात दुसरा, अशा वाटांनी रस्त्याकडेची जमीन जाते हे सर्वांना ठाऊक आहे. जोडरस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गटांची नोंद आधीच ग्रामसभेपुढे ठेवावी आणि पेसा नियमांप्रमाणे ग्रामसभेचा सल्ला घेतल्याशिवाय बिनशेतीचा एकही प्रस्ताव पुढे जाऊ नये. ज्याच्या शेतातून रस्ता जातो त्याला मोबदला द्यावा. ‘गावासाठी दिली’ असे कागदावर लिहून घेऊन गरिबाकडून फुकट जमीन घेण्याची पद्धत बंद व्हावी. विस्थापनाची जखम या डोंगराला नवी नाही.

पाच. बदल मोजत राहा. जिल्हा परिषदेने दर दोन वर्षांनी मोलगी परिसरासाठी तीनच आकडे जाहीर करावेत: दोन तोंडे असलेल्या पाड्यांची संख्या, बंद टोकाच्या रस्त्यांची संख्या, आणि प्रत्येक पाड्यापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत पावसाळ्यात जाता येणारे गाडीचे अंतर. आमच्या आश्रमशाळांतील मोठी मुले मोबाइलवर ही नोंद घेऊ शकतात. किती किलोमीटर डांबर झाले, एवढ्या आकड्यावरून पाडा जोडला गेला की नाही हे कळत नाही.

सहा. दरड आणि फरशी. देवगोई घाटातील धोक्याच्या वळणांवर पावसाळ्याआधी संरक्षक कामे पूर्ण व्हावीत आणि दरड हटवण्याचे यंत्र पावसाळाभर मोलगीच्या बाजूला उभे असावे. दरड पडल्यावर ते अक्कलकुव्याहून घाट चढून येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट आहे. ज्या फरश्या दरवर्षी बुडतात त्यांच्या जागी पूल घ्यावेत. एकमेव वाट जिच्यावरून जाते ती फरशी आधी.

या मागण्यांवर चर्चेसाठी संयुक्त बैठक मोलगीतच घ्यावी, तळोदा किंवा नंदुरबारला नको. ती आठवडे बाजाराच्या दिवशी घ्यावी, म्हणजे नर्मदाकाठच्या माणसालाही येता येईल. आलेल्या अधिकाऱ्यांनी बैठकीआधी आमच्याबरोबर चौकापासून रुग्णालयापर्यंत चालावे आणि एक पायवाट धार ओलांडून शेजारच्या पाड्यापर्यंत पाहावी. त्या वाटेची निवड आपण करा, वाटाड्या आम्ही देऊ. बैठकीचे इतिवृत्त मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, आणि प्रत्येक मागणीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत लिहावी.

जोडरस्त्यांच्या पहिल्या टप्प्यासाठी पाड्यांची यादी, त्यांतील पायवाटांचे नजरी नकाशे आणि ज्या ग्रामसभांनी ठराव केले त्यांच्या प्रती आम्ही बैठकीत सादर करू. ज्या पाड्यांचे ठराव राहिले आहेत तिथे आमचे कार्यकर्ते फिरत आहेत.

आपले,
मोलगी परिसरातील ग्रामस्थ, व्यापारी व वाहनचालक यांच्या संघटनेच्या वतीने